‘जात्याच चपळ’: क्वार्टरबॅक, वर्ण आणि कौतुकाची भाषा

८ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बाल्टिमोर रेव्हन्सने मायामीत मायामी डॉल्फिन्सचा ५९-१० असा फडशा पाडला. रेव्हन्सचा बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन याने २० पास फेकले, त्यातले १७ बरोबर पोचले, ३२४ यार्ड मिळाले आणि ५ टचडाउन (चेंडू विरोधकांच्या गोलरेषेपलीकडे पोचणं) झाले. क्वार्टरबॅकच्या पासिंगला गुण देण्याचं जे ठरलेलं गणित आहे, त्यात याहून जास्त गुण मिळूच शकत नाहीत. सामना संपल्यावर पत्रकारांसमोर बसलेला जॅक्सन म्हणाला, ‘रनिंग बॅकच्या मानाने वाईट नाही.’

हा टोला कुणाला होता ते त्या खोलीत कुणाला सांगावं लागलं नाही. आपल्याला मात्र तो कळायचा तर दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतील. एक म्हणजे हा खेळ. दुसरी, या खेळाबद्दल अमेरिकेत कसं बोललं जातं ती पद्धत. माझ्या मते खरी गोष्ट या दुसऱ्यात आहे.

खेळाचं आधी. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात. प्रत्येक डाव काही सेकंदांचाच असतो, आणि बहुतेक प्रत्येक डावात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. पुढे काय करायचं ते त्याचं काम. तो चेंडू धावणाऱ्या साथीदाराकडे सोपवतो (हा रनिंग बॅक), लांब पळत गेलेल्या साथीदाराकडे फेकतो (हा रिसीव्हर), किंवा स्वतः घेऊन पळतो. दोन डावांमध्ये साधारण चाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या छोट्या रेडिओवरून त्याच्या कानात येतो. पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. मग समोरचा बचाव कसा उभा आहे, कोण कुठे सरकतंय, कोण फसवतंय हे बघून ठरलेला डाव तसाच ठेवायचा की ऐनवेळी बदलायचा हे त्याने एकट्याने ठरवायचं. चेंडू हातात आल्यावर तर दोन-तीन सेकंदांतच धिप्पाड माणसं अंगावर चालून येतात.

म्हणून क्वार्टरबॅकला संघाचा मेंदू म्हणतात, सेनापती म्हणतात. शाळेच्या संघातसुद्धा त्या पोराचा रुबाब वेगळा असतो. व्यावसायिक खेळात सगळ्यात जास्त पगार त्याचा, पोस्टरवर चेहरा त्याचा, हरल्यावर शिव्या त्याला. आणि गेली शंभर वर्षं या जागेबद्दल एक समज अमेरिकेत मुरलेला आहे. तो असा, की पळायला, उडी मारायला, धडक द्यायला कृष्णवर्णीय खेळाडू उत्तम, पण विचार करायला आणि माणसं चालवायला गोरा हवा.

मी अमेरिकेत आल्यावर हा खेळ टीव्हीवरच शिकलो. मैदानात बावीस माणसं एकदम हलतात, आणि नवख्याला त्यातलं काही दिसत नाही. समालोचक जे दाखवतो तेच दिसतं. तो म्हणाला ‘काय डोकं चालवलं बघा’, की मला डोकं दिसायचं. तो म्हणाला ‘काय पाय आहेत याचे’, की मला पाय दिसायचे. दोन-तीन वर्षं अशी गेल्यावर लक्षात आलं की डोकं आणि पाय यांची वाटणी खेळाडूगणिक होत नाहीये, त्वचेच्या रंगावरून होतेय. मीही मित्रांशी बोलताना तसंच बोलायला लागलो होतो, आणि मला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तेव्हापासून या विषयाने माझा पाठलाग सोडलेला नाही.

आपल्या भाषेत एक शब्द आहे: जात्याच. ‘ती जात्याच हुशार’, ‘तो जात्याच चपळ’. जन्मतः, निसर्गतः, असा त्याचा अर्थ, आणि त्यात जन्माची ‘जाती’ सरळ उभी आहे. वरवर हे कौतुकच असतं, पण त्यात कष्टाला जागा नाही. जे जात्याच मिळालं ते कमावलेलं नसतं. अमेरिकेतली क्रीडापत्रकारिता कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकचं जे कौतुक दशकानुदशकं करत आली ते या ‘जात्याच’च्या घरातलं आहे.

*

इतिहास थोडा सांगावाच लागेल, नाहीतर आजचे शब्द हवेत लटकल्यासारखे वाटतील.

१९३३ नंतर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १९४६ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांनी आपापसात ठरवलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर दार उघडलं तेही सगळ्या जागांसाठी नाही. १८ ऑक्टोबर १९५३ रोजी शिकागो बेअर्सच्या विली थ्रोअर याने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध जॉर्ज ब्लांडाच्या जागी मैदानात येऊन ८ पास फेकले, ३ पोचवले. गोलरेषा जवळ आल्यावर प्रशिक्षकांनी ब्लांडाला परत आत पाठवलं. त्या मोसमानंतर बेअर्सने थ्रोअरला सोडून दिलं आणि एनएफएलमध्ये तो पुन्हा दिसला नाही.

यानंतर जी वहिवाट पडली ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तीत कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची गरज पडत नसे. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून चमकलेल्या कृष्णवर्णीय मुलाला व्यावसायिक संघ घेत, पण सांगत की तुझा वेग पाहता तू रिसीव्हर किंवा बचावपटू म्हणून शोभशील. वेगाचं कौतुक करायचं आणि त्याच कौतुकाने जागा काढून घ्यायची. समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास आकडे मांडून दाखवलं की संघाच्या मध्यभागी, जिथे निर्णय घेतले जातात, तिथे गोरे खेळाडू साठलेत आणि कडेच्या, धावपळीच्या जागांवर कृष्णवर्णीय. या वाटणीला त्यांनी ‘स्टॅकिंग’ म्हटलं. रचून ठेवणं.

मराठी माणसाला हे वाचताना पालवणकर बाळू आठवणं साहजिक आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर ११४ बळी घेणारा हा गोलंदाज चर्मकार समाजातला होता. त्याने बळी घ्यावेत याला हिंदू संघाची हरकत नव्हती, पण कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कप्तान झाला, तोही मोठ्या वादानंतर. हात चालतील, हुकूम चालणार नाही, हीच ती रचना.

मार्लिन ब्रिस्कोची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. ओमाहाच्या विद्यापीठातला हा क्वार्टरबॅक. १९६८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला चौदाव्या फेरीत घेतलं ते बचावपटू म्हणून. त्याने करारातच अट घालून घेतली, की क्वार्टरबॅक म्हणून मला निदान तीन दिवसांची चाचणी द्या. मोसमात पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला आणि ६ ऑक्टोबरला ब्रिस्को सुरुवातीपासून खेळला. आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये असं करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. त्या वर्षी फक्त पाच सामन्यांत त्याला पहिल्यापासून खेळवलं, तरी टचडाउनचे १४ पास त्याच्या नावावर लागले. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कळलं की क्वार्टरबॅकच्या बैठका सुरू झाल्यात आणि त्याला निरोपच नाही. त्याने सुटका मागितली, बफेलोला गेला, रिसीव्हर झाला आणि १९७० मध्ये हजारावर यार्ड काढून निवडक खेळाडूंच्या प्रो बाउल सामन्यात पोचला. त्याला बिनडोक ठरवणाऱ्यांनी एवढाही विचार केला नाही, की जो माणूस एका वर्षात पूर्णपणे नवी जागा शिकून तिथे अव्वल होतो त्याचं डोकं कसलं असेल.

काहींनी जागा बदलायला नकार दिला. त्यांची वाट कॅनडाला जायची. टोलेडो विद्यापीठाचा चक ईली कॉलेजच्या तीन वर्षांत ३५ सामने खेळला आणि ३५ ही जिंकला. आपण क्वार्टरबॅक म्हणूनच खेळणार हे त्याने आधी कळवलं होतं. १९७२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एकाही संघाने त्याचं नाव पुकारलं नाही. त्याच वर्षी कॅनडात त्याने हॅमिल्टनला ग्रे कप, म्हणजे तिथल्या लीगचं विजेतेपद, जिंकून दिलं. वॉरन मूनचंही तेच. १९७८ च्या जानेवारीत रोझ बाउल या कॉलेजांच्या मोठ्या सामन्याचा तो सर्वोत्तम खेळाडू होता, आणि काही महिन्यांनी ड्राफ्टच्या बाराच्या बारा फेऱ्यांत त्याचं नाव नव्हतं. एडमंटनसाठी त्याने लागोपाठ पाच ग्रे कप जिंकले, १९८४ मध्ये ह्यूस्टनने त्याला परत बोलावलं, आणि २००६ मध्ये तो या खेळातल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

ज्यांना जागा मिळाली त्यांना उसंत मिळत नसे. १९७४ मध्ये पिट्सबर्गच्या जो गिलियमने पहिल्या सहा सामन्यांत चार जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एक हरला, आणि जागा गमावली ती गोऱ्या टेरी ब्रॅडशॉकडे. त्या दिवसांत गिलियमला जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ब्रॅडशॉलाही पत्रकारांनी आणि विरोधकांनी वर्षानुवर्षं मठ्ठ म्हणून हिणवलं. म्हणजे गोऱ्या क्वार्टरबॅकला कुणी बिनडोक म्हणतच नाही असं नाही. पण ब्रॅडशॉ मठ्ठ ठरला तर एकटा ब्रॅडशॉ मठ्ठ ठरायचा. गिलियमचा एक पास चुकला तर पुढच्या दहा पोरांची दारं बंद व्हायची. शिवाय ब्रॅडशॉला शिव्या खात खात शिकायला वेळ मिळाला आणि त्याने चार सुपर बाउल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले.

*

३१ जानेवारी १९८८. सॅन दिएगो. वॉशिंग्टनचा डग विल्यम्स हा सुपर बाउलमध्ये पहिल्यापासून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. अंतिम सामन्याच्या आठवड्यात शेकडो पत्रकार खेळाडूंना घेरतात. त्या गर्दीतला एक प्रश्न अमेरिकेच्या क्रीडा इतिहासात दंतकथा होऊन बसला: ‘तुम्ही किती वर्षांपासून कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक आहात?’ तिथे हजर असलेल्या काहींनी नंतर सांगितलं की प्रश्न नेमका असा नव्हता. तुम्ही जन्मभर कृष्णवर्णीय आहातच, पण ते महत्त्वाचं कधीपासून ठरायला लागलं, असा काहीसा होता. विल्यम्सने मात्र तो जसा ऐकला तसाच पुढे सांगितला. मला दोन्ही रूपं सारखीच बोलकी वाटतात. सामन्याआधी समोरच्या बचावाबद्दल विचारायचं तर त्याला त्याच्या रंगाबद्दल विचारत होते.

सामन्याच्या पंधरा दिवस आधीच सीबीएस वाहिनीने आपल्या एका प्रसिद्ध क्रीडा विश्लेषकाला काढून टाकलं होतं. कृष्णवर्णीय खेळाडू गुलामगिरीच्या काळापासून पैदास केल्यामुळे बलवान आहेत, अशा अर्थाचं तो बोलला होता. पंधरा दिवसांनी विल्यम्सने दुसऱ्या पंधरा मिनिटांत टचडाउनचे चार पास फेकले, एकूण ३४० यार्ड काढले, डेन्व्हरला ४२-१० असं हरवलं आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढचा कृष्णवर्णीय विजेता क्वार्टरबॅक यायला २०१४ उजाडलं: सिअ‍ॅटलचा रसेल विल्सन.

१९८८ नंतर वाहिन्यांवरून तसं उघड बोलणं जवळपास संपलं. भाषा मात्र संपली नाही, तिने सभ्य कपडे घातले. आता शब्द असे आले: गोरा क्वार्टरबॅक ‘शांत डोक्याचा’, ‘अभ्यासू’, ‘सराव मैदानावर पहिला येणारा आणि शेवटी जाणारा’, ‘मैदानावरचा प्रशिक्षकच’. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ‘अ‍ॅथलेटिक’, ‘स्फोटक’, ‘नैसर्गिक देणगी असलेला’, ‘कच्चा हिरा’. यातला एकही शब्द शिवी नाही. प्रत्येक शब्द एखाद्या खेळाडूबाबत खराही असू शकतो. म्हणूनच यावर बोट ठेवणं अवघड जातं, आणि बोट ठेवणाऱ्यालाच ‘तू सगळीकडे रंग बघतोस’ असं ऐकावं लागतं.

मग हे तपासायचं कसं? अभ्यासकांनी सत्तरच्या दशकातच समालोचनं शब्दशः उतरवून मोजायला सुरुवात केली. १९९४ च्या एका अभ्यासाने वर्तमानपत्रांतली क्वार्टरबॅकची वर्णनं तपासली: यशाचं श्रेय कशाला दिलंय, अंगच्या देणगीला की मेहनतीला? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ड्राफ्टआधी एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकात आलेला मजकूर पाहिला. कृष्णवर्णीय मुलांच्या शरीराचं कौतुक आणि डोक्याबद्दल शंका, गोऱ्या मुलांच्या बाबतीत बरोबर उलटं, असं चित्र निघालं. २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीने १९६० पासूनच्या १,४५५ सामन्यांची समालोचनं चाळली गेली आणि आधीच्या निष्कर्षांना दुजोरा मिळाला.

या शेवटच्या अभ्यासकांनी एक सावधगिरीही सांगितली आहे, ती मला फार मोलाची वाटते. कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी ‘वेगवान’ हा शब्द जास्त वापरला जातो एवढं मोजून भागत नाही. रिसीव्हरसारख्या पळण्याच्या जागांवर तेच जास्त आहेत, तेव्हा तो शब्द त्यांच्या वाट्याला येणारच. म्हणून क्वार्टरबॅकची तुलना क्वार्टरबॅकशीच करायला हवी. अर्थात, पळण्याच्या जागांवर तेच जास्त का आहेत, याचं उत्तर ब्रिस्कोच्या गोष्टीत येऊन गेलं.

*

शब्दांनी काय बिघडतं, असं कुणी विचारलं तर मी त्याला २०१८ चा ड्राफ्ट दाखवीन. लमार जॅक्सन तेव्हा कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान असलेली हाइझमन ट्रॉफी जिंकून आलेला. बिल पोलियन हे स्वतः हॉल ऑफ फेममध्ये असलेले जुने व्यवस्थापक टीव्हीवरून म्हणाले, की याने रिसीव्हर व्हावं. जॅक्सनने संघांपुढे धावण्याची वेळ मोजायची चाचणी दिलीच नाही, कारण त्याला धावक म्हणून बघून घ्यायचंच नव्हतं. त्याच वर्षी जॉश अ‍ॅलन हा उंचापुरा गोरा क्वार्टरबॅकही निवडीत होता. कॉलेजात अ‍ॅलनचे ५६ टक्क्यांच्या आसपास पास पोचत, जॅक्सनचे ५७. अचूकतेचं दुखणं दोघांचं सारखंच. टीका अ‍ॅलनवरही भरपूर झाली, ते मान्य करायला हवं. पण अ‍ॅलनच्या बाबतीत चर्चा होती ती हे दुखणं कसं दुरुस्त करता येईल याची. त्याने रिसीव्हर व्हावं असं कुणी सुचवलं नाही. अ‍ॅलन सातवा निवडला गेला, जॅक्सन बत्तिसावा, म्हणजे पहिल्या फेरीत अगदी शेवटचा. पहिला निवडलेल्या बेकर मेफिल्डला चार वर्षांचे सुमारे ३ कोटी २७ लाख डॉलर मिळाले, जॅक्सनला साधारण ९५ लाख. पुढे अ‍ॅलनही थोर खेळाडू झाला आणि त्याचा अचूकपणा खरोखरच सुधारला. धीर धरला तर माणूस शिकतो, हे त्यातून दिसतं. तो धीर कुणाच्या वाट्याला येतो, एवढाच प्रश्न आहे.

आता ते ‘रनिंग बॅकच्या मानाने वाईट नाही’ पुन्हा वाचा. त्या मोसमाच्या शेवटी जॅक्सन एकमताने सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला. त्याच्याआधी एकमताने हा मान फक्त टॉम ब्रेडीला मिळाला होता. पोलियन यांनी आपण चुकलो असं जाहीरपणे म्हटलं, हे त्यांच्या खात्यावर लिहायला हवं. पण त्याच डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को संघाच्या रेडिओ समालोचकाने जॅक्सनच्या हुलकावणीचं स्पष्टीकरण असं दिलं, की त्याची त्वचा काळसर, चेंडूही काळसर, त्यामुळे बचावाला चेंडू दिसत नाही. शेकडो तासांच्या सरावातून आलेली कला त्याने कातडीच्या रंगात बसवून टाकली. त्याला एका सामन्यापुरतं बाजूला बसवलं गेलं.

डोक्याबद्दलची शंका नुसत्या विशेषणांत राहत नाही, तिला आकड्यांचा आधार मिळाला की ती शास्त्रीय वाटू लागते. ड्राफ्टआधी खेळाडूंना अनेक वर्षं वंडरलिक नावाची चाचणी द्यावी लागे. बारा मिनिटांत पन्नास प्रश्न, आणि निकाल गुप्त ठेवायचा. २००६ मध्ये टेक्सासला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या व्हिन्स यंगला तीत सहा गुण मिळाल्याची बातमी फुटली. नंतर आकडा १६ असल्याचं सांगितलं गेलं, पण तोवर देशभर चेष्टा होऊन गेली होती. २०२२ पासून लीगने ही चाचणी बंद केली. तरी २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचे दुसऱ्या एका आकलन चाचणीतले कमी गुण असेच बाहेर आले. हा मुलगा चेंडू कुठे फेकायचा ते पटकन ठरवू शकणार नाही, अशी कुजबुज झाली. पहिल्याच मोसमात स्ट्राउडने चार हजारांवर यार्ड काढले आणि वर्षभरात त्याचे फक्त पाच पास विरोधकांच्या हाती लागले. चेंडू कुठे फेकू नये हे ज्याला कळतं त्याचेच इतके कमी पास चोरले जातात.

आणि यापेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट खेळाबाहेर घडत होती. डोक्याला मार बसून मेंदूचे विकार जडलेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्यासाठी लीगने न्यायालयात मोठी तडजोड केली होती. ती भरपाई ठरवताना डॉक्टर जी मोजपट्टी वापरत, तिच्यात कृष्णवर्णीय माणसाची आकलनशक्ती मुळातच थोडी कमी असते असं गृहीत धरलेलं होतं. सुरुवातच खाली धरली की घसरण कमी दिसते. म्हणजे तेवढंच नुकसान झालेला गोरा खेळाडू भरपाईला पात्र ठरायचा आणि कृष्णवर्णीय ठरायचा नाही. २०२० मध्ये दोन माजी खेळाडूंनी दावा लावला, २०२१ मध्ये लीगने ही पद्धत थांबवायचं कबूल केलं. समालोचकाच्या तोंडचं विशेषण आणि विस्मरणाने ग्रासलेल्या माणसाचा नाकारलेला दावा यांत मला एकच समज काम करताना दिसतो.

*

यात आणखी एक पेच आहे, आणि तो खेळाडूंच्या मनाला पडतो. ‘पळणारा’ म्हणून शिक्का बसेल या भीतीने कितीतरी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकनी पळणं कमी केलं, उभं राहून पास फेकण्यावर भर दिला. फिलाडेल्फियाचा डोनोव्हन मॅकनॅब हे त्याचं उदाहरण. २००३ मध्ये रश लिंबॉ हा रेडिओवरचा नामांकित राजकीय भाष्यकार ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या कार्यक्रमात म्हणाला, की कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा ही माध्यमांचीच इच्छा असल्यामुळे मॅकनॅबचं नसतं कौतुक होतं. मॅकनॅब तोवर तीन वेळा प्रो बाउलला निवडला गेला होता आणि त्याने संघाला लागोपाठ दोन वर्षं सुपर बाउलच्या उंबरठ्यापर्यंत नेलं होतं. लिंबॉला काही दिवसांतच राजीनामा द्यावा लागला. पण दोन वर्षांनी, २००५ च्या डिसेंबरात, फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक अध्यक्षांनीच वर्तमानपत्रात लिहिलं, की मॅकनॅब पूर्वीसारखा पळत नाही आणि म्हणून तो सामान्य झालाय. पळाला तर ‘याला विचार येत नाही’, उभा राहिला तर ‘हा आपलं खरं रूप सोडतोय’. त्या माणसाने नुसता चेंडू फेकावा आणि घरी जावं, इतकी साधी गोष्ट त्याला मिळत नव्हती.

२०२२ च्या जुलैत हे सगळं एकाच आठवड्याच्या आसपास पुन्हा वर आलं. अ‍ॅरिझोनाच्या कायलर मरीला २३ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि त्यात दर आठवड्याला चार तास घरी अभ्यास करण्याचं बंधन लिहिलेलं आढळलं. मरीने आधी एका मुलाखतीत आपण चित्रफिती बघत बसणाऱ्यांतले नाही असं सांगितलं होतं, तेव्हा संघाची काळजी अगदीच हवेतून आलेली नव्हती. तरी असं कलम क्वार्टरबॅकच्या करारात कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि ते लिहिलं गेलं ते एका कृष्णवर्णीय मुलासाठी. आरडाओरड झाल्यावर ते काढलं. त्याच सुमारास एका निनावी प्रशिक्षकाने पॅट्रिक माहोम्सच्या खेळाला गल्लीतल्या खेळाची उपमा दिली. माहोम्सने तेव्हाच एक सुपर बाउल आणि एक सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवलेला होता. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना या जागेसाठी झगडावं लागलंय, आणि काही टीका इतर काही क्वार्टरबॅकवर होत नाही, अशा अर्थाचं तो शांतपणे बोलला.

बदललंय खूप, यात शंका नाही. कॉलेजांतून मोकळा, पसरून खेळायचा डावपेच व्यावसायिक खेळात आला, तेव्हा पळू शकणारा क्वार्टरबॅक प्रत्येकाला हवासा झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच सुपर बाउलमध्ये दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होते, माहोम्स आणि जेलन हर्ट्स. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या चारांत तीन कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक निवडले गेले, आणि मोसमाच्या पहिल्या आठवड्यात ३२ संघांपैकी १४ संघांनी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक उतरवले. २०२५ च्या सुपर बाउलमध्ये हर्ट्सने माहोम्सला ४०-२२ असं हरवलं आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. मला यातलं सगळ्यात सुखावणारं काय वाटलं सांगू? त्या सामन्यानंतर चर्चा होती ती फिलाडेल्फियाच्या बचावफळीची. दोन्ही क्वार्टरबॅकच्या रंगाला पूर्वीइतकी जागा उरली नव्हती.

डेन्व्हरच्या वहीत मात्र एक नोंद बराच काळ तशीच राहिली. पहिल्या मोसमात सर्वात जास्त टचडाउन पास फेकणारा ब्रॉन्कोजचा नवा क्वार्टरबॅक: मार्लिन ब्रिस्को, १९६८, चौदा. थोर मानला जाणारा जॉन एल्वे १९८३ मध्ये आला, त्यालाही पहिल्या वर्षी तिथवर पोचता आलं नाही. ब्रिस्को २०२२ च्या जूनमध्ये गेला तेव्हाही तो विक्रम त्याच्याच नावावर होता. २०२४ मध्ये बो निक्सने तो मोडला, छप्पन्न वर्षांनी. निक्सला दुसरं वर्ष मिळालं.